शून्य तासाचं पान

४ फेब्रुवारी

आज रुजू झाले. सरांनी सगळ्यांना सांगितलं, "या आपल्या नवीन विद्यार्थिनी." खोलीतल्या निम्म्या लोकांपेक्षा मी दहा वर्षांनी मोठी. कोणी हसलं नाही, म्हणून मीही हसले नाही. "शिकून झाल्यावर मधली अकरा वर्षं काय केलंत?" असं कुणी विचारलं असतं तर एका दमात सांगता आलं असतं: बाबा अंथरुणाला खिळले होते, मी त्यांच्यापाशी होते, गेल्या वर्षी ते गेले. कुणी विचारलं नाही. बरंच झालं.

काम कळलं. बी अंधारात रुजवलं की रोप उंच वाढतं पण पान पिवळंच राहतं. उजेडात आणलं की हिरवं होतं. ते कसं आणि किती वेळात होतं, एवढंच बघायचं. सरांनी मला जवाचं एक नवं वाण दिलंय. त्याला नाव नाही, नुसता नंबर आहे: सतरा. उजेड दाखवण्याआधी अंधारातच जे पान खुडतात त्याला इथे 'शून्य तासाचं पान' म्हणतात. पुढचं सगळं त्याच्याशी ताडून बघायचं. ते चुकलं तर सगळंच चुकलं.

६ फेब्रुवारी

अंधारखोली मामांनी दाखवली. मामा म्हणजे इथले प्रयोगशाळा सहायक. साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशात कायम दोन चिमटे. खोलीला दोन दारं आहेत. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत एकच हिरवा दिवा, तोही इतका मंद की स्वतःची बोटं मोजायला वेळ लागतो. पुढच्या टेबलावर सतरा नंबरचे ट्रे ठेवायचे, कारण त्यांची रोज उंची मोजायची आहे. मागच्या फळीवर, काळ्या पडद्याआड, तुलनेसाठी साधा जव.

"दोन मिनिटं जायचं, पाणी घालायचं, बाहेर यायचं," मामा म्हणाले. "मी घड्याळ लावून जातो. तिथं माझा जीव गुदमरतो."

मला उलट बरं वाटलं. बाबांच्या खोलीतही शेवटची दोन वर्षं असाच मिणमिणता दिवा असायचा. डोळ्यांना सवय आहे.

११ फेब्रुवारी

जेवणाच्या खोलीत चार टेबलं आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली. "इथे कोणी बसतं का?" असं मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा खरंच कोणीतरी बसत होतं. आज जिन्यात उभ्यानंच डबा संपवला. आठ मिनिटं लागली. सुट्टी असते पाऊण तासाची.

उरलेला वेळ अंधारखोलीत आले. इथे एक स्टूल आहे. रोपं चौथ्या दिवसाची, बोटभर उंच, टोकं घट्ट मिटलेली. हे इथेच बसून लिहितेय. कागद हिरवा दिसतो, शाई काळी. पानं हिरवा रंग परत फेकतात म्हणून तर ती हिरवी दिसतात. तेव्हा या दिव्याशी त्यांना काही देणंघेणं नाही.

उंची मोजताना आकडे मोठ्यानं म्हणायची सवय लागलीये. घरीही पेपर मोठ्यानंच वाचायचे.

१५ फेब्रुवारी

काहीतरी विचित्र झालंय. साधा जव उजेडात आणला की पहिल्या क्षणी किंचित हरितद्रव्य तयार होतं, मग तो थांबतो. तीन तास जवळजवळ काहीच नाही. मग सपाट्यानं हिरवा होत जातो. पुस्तकातही हेच आहे आणि माझ्या मोजणीतही हेच आलं. पण सतरा नंबर थांबलाच नाही. पहिल्या तासापासून आकडा चढतोय.

मला वाटलं हरितद्रव्य मोजायचं यंत्र बिघडलं. मामांनी पानांच्या रसाची काचेची कुपी पुसून पुन्हा यंत्रात लावून दिली. तेच आलं.

सर म्हणाले, "पुन्हा करा."

९ मार्च

तिसऱ्यांदाही तेच. सर माझ्या टेबलापाशी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चहा घेणार का?" महिनाभरात पहिल्यांदा. न थांबता हिरवं होणारं वाण! सरांचा आवाज चक्क खाली आला होता, जणू भिंतींना कळायला नको.

दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "वा, छान. बरं, घराचं गिऱ्हाईक पक्कं झालंय. एप्रिलमध्ये सहीला यावं लागेल." मग वहिनी आली फोनवर. तिनं विचारलं, "तिथे ओळखी झाल्या का गं?" मी म्हटलं, "हो, खूप." सतरा नंबरच्या दोन ट्रेंमध्ये मिळून एकशे चाळीस रोपं आहेत.

१८ मार्च

समोरच्या खोलीत एक मुलगी बसते. तिच्या चपलांचा आवाज जिन्यापासून येतो म्हणून मी मनात तिचं नाव टकटक ठेवलंय. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर तिचा हात बसलेला आहे. मला ती 'ताई' म्हणते. आज तिनं माझ्या शून्य तासाच्या पानांची चित्रं दाखवली.

अंधारातल्या पिवळ्या पानात, जिथे पुढे हरितलवक व्हायचं असतं तिथे, मच्छरदाणीसारखी नेटकी जाळी असते. उजेड लागला की जाळी उसवते, तिचे लांब पापुद्रे होतात, पापुद्र्यांच्या चळती लागतात, आणि त्यावर पुढचा सगळा संसार चालतो. साध्या जवाची जाळी अशी की मोजपट्टीनं आखावी. सतरा नंबरची मात्र कडेनं उसवलेली.

"ताई, याला कुणीतरी आधीच उजेड दाखवलाय," टकटक म्हणाली.

मला राग आला. "दोन्ही दारं मी स्वतः लावते," मी म्हटलं. सर तर चित्र बघून खूश झाले. "हेच तर याचं वेगळेपण. हा अंधारातच तयारीत असतो." त्यांनी शोधनिबंध लिहायला घेतलाय. माझं नाव पहिलं असेल म्हणाले.

टकटक चित्रं गोळा करून निघून गेली. तिला मत्सर वाटत असेल का? विचार बरा नाही, पण आला.

२७ मार्च

आज तासभर अंधारखोलीत. नवीन रोपं तिसऱ्या दिवसाची. इथे आलं की बोलावंसं वाटतं. बाहेर कुणी 'कशा आहात?' म्हटलं की 'बरी आहे' याच्या पुढे शब्द फुटत नाही. इथे कुणी विचारत नाही, तर सुचतं. आज त्यांना निबंधाचं सांगितलं. वेडेपणा आहे. पण दोन दारं मध्ये आहेत, कोण ऐकतंय.

१२ एप्रिल

घर रिकामं करून आले. सहा दिवस लागले. दादानं भांडी वाटून टाकली, वहिनीनं कपडे. माझ्या वाट्याला बाबांची खोली आली. पलंग न्यायला दोन माणसं आली. त्यांतल्या एकानं विचारलं, "कोण झोपायचं यावर?" दादा पटकन म्हणाला, "कोणी नाही, जुनाच आहे." त्याला माणसांना थांबवून ठेवायचं नसेल. मला तिथून उठून गॅलरीत जावं लागलं.

निघताना दादा म्हणाला, "आता तू मोकळी झालीस." प्रेमानं म्हणाला. गाडीत बसल्यावर मी ते वाक्य बराच वेळ उलटंपालटं करत होते.

मी नसताना पाणी मामांनी घातलं. उद्या सातवा दिवस, पानं खुडायची.

१३ एप्रिल

सतरा नंबर थांबला. तीन तास, अगदी साध्या जवासारखा. साधा जव आज मोजायला घेतलाच नव्हता, त्याचे आकडे आता पाठ झालेत.

ट्रेवरच्या चिठ्ठ्या बदलल्या असणार. दुसरं काय? सगळ्यांच्या देखत मी मामांना विचारलं, "तुम्ही ट्रे हलवले का?"

"नाही बाई. जागेवर ठेवूनच पाणी घातलं."

"आठवून सांगा. पुढचे मागे, मागचे पुढे?"

"आठ वर्षं करतोय हे काम. दोन मिनिटं आत, की बाहेर. हलवायला वेळ कुठला?"

"मग हे असं कसं आलं?"

मामांनी ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. "ते तुम्ही शिकलेल्या लोकांनी सांगायचं," ते म्हणाले.

मला तो टोमणा वाटला. मी सरांकडे गेले. निबंध पाठवायला तीन आठवडे राहिलेत. सरांनी मामांना बोलावून सुनावलं आणि अंधारखोलीचं काम काढून घेतलं. आता ते तळघरात बाटल्या धुतील. पाणी मीच घालेन.

२२ एप्रिल

पुन्हा केलं, सगळं स्वतःच्या हातानं. सतरा नंबर थांबला नाही. म्हणजे चूक मामांचीच होती. सर म्हणाले, "सुटलो."

मला सुटल्यासारखं वाटत नाही. मामा जिन्यात भेटले. मी 'नमस्कार' म्हटलं. त्यांनी हातातला बाटल्यांचा क्रेट सांभाळत मान हलवली, पण माझ्याकडे बघितलं नाही.

२५ एप्रिल

आज टकटक दारात उभी राहिली. आत आली नाही, बसलीही नाही.

"ताई, एक विचारू? रागावू नका. मामा दोन मिनिटं असायचे आत. तुम्ही किती वेळ असता?"

"मोजायला लागतात तितकाच. दहा मिनिटं."

"बरं," ती म्हणाली. "मला आपलं वाटलं, दुपारी तुम्ही कुठेच दिसत नाही."

आणि गेली. चपलांचा आवाज जिन्याच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. दहा मिनिटं हे मी खोटं बोलले नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. घरी येऊन ही वही काढली आणि पहिल्या पानापासून वाचली.

'हे इथेच बसून लिहितेय.' 'आज तासभर अंधारखोलीत.' जे इथे उतरवलं नाही तेही आठवतंय. जवळजवळ रोज, सुट्टी आणि वर संध्याकाळचा अर्धा तास. टेबलावर सतरा नंबर, मागे पडद्याआड साधा जव. दिवा एकच.

अंधारखोलीच्या दाराशी भिंतीवर कागद चिकटवलाय, 'आत कमीत कमी वेळ थांबावे.' मी तो रोज बघत होते. मला वाटलं, ते श्वासोच्छ्वासासाठी असेल.

२६ एप्रिल

रविवार. ग्रंथालय उघडं होतं. एका जुन्या जाडजूड पुस्तकात अर्धं पान सापडलं. हिरवा दिवा दोन-चार मिनिटांपुरताच सुरक्षित. जास्त वेळ राहिला तर रोप त्यालाही उजेडच समजतं आणि आतून कामाला लागतं. पुढे खरा उजेड मिळाला की मग ते थांबत नाही.

अर्धं पान. फेब्रुवारीत वाचलं असतं तर?

एक गोष्ट करून बघायची. उद्या पेरताना जागा बदलते. साधा जव पुढे टेबलावर, माझ्यासमोर. सतरा नंबर मागे पडद्याआड. आणि मी रोज बसेन, आजवर बसायचे तशीच.

३० एप्रिल

हे पाच ओळींचं काम नाही, पण पाचच ओळी लिहिते, कारण आता इथे बसून लिहिताना लाज वाटते. साध्या जवासमोर बसलेय. बोलले नाही. मुद्दाम येऊन बसायचं म्हटलं की पाऊण तास फार मोठा असतो. एरवी तो कसा जायचा कळत नाही.

४ मे

साधा जव थांबला नाही. सतरा नंबर थांबला.

वाण वगैरे काही नाही. माझ्यासमोर जो ट्रे असेल तो 'वेगळा' होतो.

निबंध परवा जायचाय. खरं लिहायचं तर दुपारभर मी दुसराच विचार करत होते. कुणाला कळणार? सतरा नंबर फक्त इथेच आहे. पुढे कुणी मागवलं आणि त्यांचं थांबलं तर म्हणतील, बी जुनं झालं. पहिलं नाव माझं आहे. अकरा वर्षांनी पहिल्यांदा कुठेतरी माझं नाव पहिलं. आणि सांगायचं तरी काय? की मी आत बसून काय करत होते?

मग पाण्याचा ग्लास भरायला खाली गेले तर तळघराचं दार उघडं होतं. मामा बाटल्या धूत होते. पाठमोरे, बाह्या कोपरापर्यंत. नळाच्या आवाजात त्यांना मी आलेली कळलं नाही. मी तशीच वर आले. ग्लास रिकामाच.

५ मे

सकाळी सरांना सांगितलं. आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"किती वेळ असायचात आत?"

"पाऊण तास. कधी दीड तास."

"मोजायला दहा मिनिटं पुरतात."

"हो."

"मग बाकीचा वेळ काय करत होतात?"

"बसत होते. वही लिहीत होते."

"कसली वही?"

"खासगी."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ ते तो नुसता सरकवत राहिले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

"बाहेर बसायला जागा नव्हती का?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न कुणी विचारेल असं मला वाटलं नव्हतं. "होती," मी म्हटलं.

"तारखा आणि मिनिटं लिहून द्या. अंदाजपंचे नको. निबंध मी थांबवतो." मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "तीन महिने गेले. माझेही गेले. मीही दाराशी तो 'कमीत कमी वेळ'चा कागद रोज बघत होतो आणि तुम्हाला विचारलं नाही."

वहीतून तारखा उतरवून काढल्या. प्रत्येक पानावर एक-दोन शब्दच कामाचे निघाले. बाकीचं सगळं माझं होतं.

६ मे

मामांवर आळ सगळ्यांच्या देखत घेतला होता, म्हणून त्यांना वर बोलावलं. नको होतं बोलवायला, मीच खाली जायला हवं होतं हे मग कळलं. ते हात पुसत आले. टकटक होती, आणखी तिघं होते.

"मामा, चूक तुमची नव्हती. माझी होती. मी आत फार वेळ बसत होते, दिव्यानं रोपं बिघडली. तुमचे ट्रेच खरे होते."

"मी दोन मिनिटं म्हणालो होतो."

"हो."

"घड्याळ लावून जातो म्हणालो होतो."

"हो. मी ऐकलं नाही."

"झालं मग," मामा म्हणाले. "बाटल्या धुणं काही वाईट नाही. पण तुम्ही सरांकडे जायच्या आधी माझ्याकडे एकदा परत यायचं होतंत."

एवढं बोलून खाली गेले. त्यांनी मला माफ केलं असं वाटत नाही. टकटकनं खुर्ची थोडी सरकवली. बस म्हणाली नाही, पण सरकवली. मी बसले.

१९ मे

बऱ्याच दिवसांत वही उघडली नाही. सर म्हणाले, सतरा नंबरात काही दम नाही, दिव्यात मात्र आहे. किती मिनिटांनी रोप फसतं हे नीट मोजून छोटंसं टिपण लिहायचं. वर्षअखेरपर्यंत मी इथे आहे, पुढचं पुढे.

मामा पुन्हा अंधारखोली बघतात. आज पाणी घालून बाहेर आले आणि मीही घड्याळ लावून जाते हे बघून म्हणाले, "शिकलात." मग दोन्ही चिमटे खिशात नीट करत म्हणाले, "आठ वर्षं पाणी घालतोय बाई, पण यातलं एकही रोप हिरवं होताना मी पाहिलं नाही. सातव्या दिवशी तुम्ही लोक घेऊन जाता. मला परत येतो तो रिकामा ट्रे."

इतकी वर्षं, आणि कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

२२ मे

एक ट्रे जास्तीचा पेरला होता. सकाळी नऊ वाजता मामांनीच तो अंधारातून काढून खिडकीत ठेवला. पडदा लावून ऊन थोडं मऊ केलं. पानं पिवळीधमक, जुन्या कागदासारखी. आज काही मोजायचं नव्हतं.

दहाला मामा डोकावले. "काही नाही."

"अजून थांबलंय," मी म्हटलं. "आत चालू असतं. बाहेर दिसत नाही."

अकराला पुन्हा आले. "तुमचं काहीतरी चुकतंय," म्हणाले, पण गेले नाहीत, उभे राहिले. टकटक तिच्या खोलीतून तिघांना चहा घेऊन आली. मामांनी टकटकला तिच्या चपलांबद्दल विचारलं, झिजत कशा नाहीत म्हणून. ती म्हणाली, "आवाज येतो का हो फार?" मी चहाच्या कपात बघत राहिले.

साडेबाराला मामा वाकले. बोटानं एक पान अलगद खिडकीकडे वळवलं. "हे बघा, टोकापाशी."

"मला नाही दिसत," टकटक म्हणाली.

"तुला यंत्रातून बघायची सवय. डोळ्यांनी बघ."

दिसत होतं. पिवळ्यावर कुणी फुंकर घालावी इतकंसं.

दोनला संशय उरला नाही. सगळा ट्रे हिरवटला होता. मामा कुणालाही न सांगता खाली गेले आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला घेऊन आले. तो बिचारा टोपी हातात घेऊन दारात उभा.

"हे बघ," मामा त्याला म्हणाले. "सकाळी पिवळं होतं. कसं झालं ते या बाईंना विचार."

त्यानं विचारलं. मी सांगायला लागले, पण कुठून सुरुवात करावी कळेना. जाळीपासून, की उजेडापासून, की बियाण्यापासून. माझी गाडी अडली ते बघून मामांनीच सुरुवात केली, आणि बरीचशी बरोबर केली. जिथे चुकले तिथे मी सांगितलं.